दादा थंडीनं नाय गेला

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दादानं बर्फावरच्या घसरगाडीचा दोर माझ्या हातात दिला आनि बोलला, "जिव्या, डाव्या हाताला बर्फ लागला रे." मी दोर घेतला. विचारलं काय नाय. गाडीवर हिमानी बसलेली, दादाची नात, सात वर्षांची. ती बोलली, "छोटे आजोबा, पळवा ना!" मी पळवली. दादा जाऊन बाकड्यावर बसला.

अर्धा तास मी पोरीला ओढत होतो. दादा तिकडे बाकड्यावर बसून मरत होता आनि मी इकडे घोडा झालेलो.

आता हे सांगितलं की लोकं मला विचारतात, सख्खा भाऊ ना तू, विचारलं कसं नाय. विचारनारी लोकं बोईसरची, पालघरची. आमच्या नवापूरचा, त्यात कारखान्यातला एकपन मानूस विचारत नाय. कारन त्यांना माहीत हाय बर्फ लागला म्हंजे काय.

आमच्याकडे बर्फाचा कारखाना हाय, बोटींना बर्फ देनारा. माझा दादा शांताराम सतराव्या वर्षी तिथं लागला आनि एकोनसाठाव्या वर्षी मरायच्या चार दिवस आधीपर्यंत तिथंच कामाला. मी पन आठ वर्षं काढली त्याच्याबरोबर, मंग पाठ गेली म्हनून रिक्षा घेतली. डब्यात पानी गोठवतात, एकेक लादी दीडशे किलोच्या आसपास. ती लोखंडी आकड्यानं ओढायची, फोडायची, गाडीत भरायची. लादी ओढून ओढून हात बधिर होतो. बोटं आपली राहत नाय, कोन दुसऱ्याची लावल्यासारखी वाटतात. त्याला आमी बोलतो, बर्फ लागला.

आनि तिकडे रीत हाय. कोन बोलला बर्फ लागला, की बाजूवाल्यानं त्याचा आकडा घ्यायचा आनि त्याच्या जागेवर उभं राहायचं. तो बसेल, हात काखेत घालेल, विडी ओढेल. त्याला विचारायचं नाय. किती लागला, कुठं लागला, कधी येतो, काय नाय. विचारलं की मानसाला लाज वाटते. ही रीत दादानंच लावली. आधी एक मुकादम होता, तो दर वेळी विचारायचा, "काय रे, बायकोसारखं बसलास?" त्या टायमाला शेजारच्या भागीचा नवरा आमच्यात कामाला होता. त्याला बर्फ लागलेला, पन लाजेनं बोलला नाय, तसाच बर्फ फोडायच्या मशीनवर उभा राहिला आनि दोन बोटं गेली. बोटं गेली तरी त्याला दुखलं नाय, एवढा हात बधिर. खाली चुरा लाल झाला तेव्हा कळलं. दादा तेव्हा पंचवीसचा असेल. तो मुकादमाच्या अंगावर गेला आनि बोलला, "उद्यापासून कोनाला विचारलंस तर तुला टाकीत घालीन." तेव्हापासून विचारत नाय कोनी.

म्हनून मी विचारलं नाय. दादाचीच रीत, दादाच्याच भावानं पाळली. ह्याच्यावर मला एवढा राग येतो की रिक्षा चालवताना मी हँडलवर मूठ मारतो. पाठची सवारी घाबरते.

आमी काय स्वतःहून बर्फ बघायला जानारी मानसं नाय. दादाचा पोरगा प्रणव, त्याचं बोईसरला टाईल्सचं दुकान हाय. दादा सगळ्यांना सांगायचा, "मी लादी ओढली, पोरगा लादी विकतो. माझी लादी संध्याकाळपर्यंत पानी, त्याची पन्नास वर्षं टिकते. मंग कोन हुशार?" तर टाईल्सच्या कंपनीची स्कीम होती, एवढा माल उचलला की फॅमिली टूर. हिमाचलात, मनालीच्या वर, बर्फाचं रिसॉर्ट. जानं येनं, राहनं, खानं, पायाला पट्ट्या बांधून बर्फावर घसरायचं शिकवनं, सगळं धरून. हा शब्द प्रणवनं आमाला शंभर वेळा ऐकवला. "काका, सगळं धरून आहे, तुला खिशात हात घालायचा नाही." सहा मानसांचं होतं. दादा, नर्मदा वहिनी, प्रणव, त्याची बायको स्नेहल, हिमानी, ही पाच. सहावा मी, बिनलग्नाचा, मोकळा.

दादाला जायचं नव्हतं. तो बोलला, "चाळीस वर्षं बर्फातच हाय, आता सुट्टीत पन बर्फच?" पन हिमानीनं त्याला धरला. तिचं नाव पन त्यानंच ठेवलेलं. स्नेहलच्या माहेरच्यांना दुसरं काय तरी पायजे होतं, हा बोलला, "बर्फवाल्याची नात हाय, हिमानीच."

स्टँडवर मी रिक्षावाल्यांना सांगितलं मनालीला चाललो, तर एक बहिरा म्हातारा बोलला, "मनोरला जायला एवढा मोठा स्वेटर कशाला रे?" मनोर म्हंजे आमच्या इथनं बसनं तासाभराचं गाव. दादानं ते ऐकलं. मंग पूर्न प्रवासात जिकडे गाडी थांबेल तिकडे हा विचारायचा, "मनोर आलं काय?" प्रणव चिडायचा, वहिनी पदरात हसायची.

रिसॉर्टवर गेल्या गेल्या मनगटाला पिवळा प्लास्टिकचा पट्टा घातला. हॉस्पिटलात घालतात तसा. तो दाखवला की सगळं मिळतं. चहा, भजी, गरम पानी, बर्फात घालायचे कपडे, बूट. बूट कसले, पायात सिमेंटचे ठोकळे. दादानं बाहेर जाऊन पहिला मूठभर बर्फ उचलला, दाबला, कानाशी नेला आनि फेकून दिला. "ह्याला बर्फ बोलतात? चुरा हाय हा. लादी कशी वाजली पायजे." मंग पूर्न डोंगराकडे बघून बोलला, "एवढा चुरा, आनि त्याच्यात एक बोंबील नाय."

जेवायला सत्तर प्रकार मांडलेले, मासा नाय. वहिनीनं सुकटीच्या चटनीचा डबा आनलेला. स्नेहल बोलली, "बाबा, इथे नका ना उघडू, लोकं बघतायत." दादानं उघडला. बाजूच्या टेबलावरचे उठून लांब गेले. पन आतून एक बंगाली आचारी वास काढत आला, म्हातारा, टोपी घातलेला, आनि दादाच्या समोर बसून भाताबरोबर चटनी खाऊन गेला. जाताना दादाच्या पाया पडला. दादा बोलला, "बघ स्नेहल, सगळं धरून होतं, फक्त हे नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं पायाला पट्ट्या बांधल्या. शिकवनारा बोलला गुडघे वाकवा. दादा असा वाकला जसा होडीत उभा राहतो, आनि छोट्या उतारावरून सरळ खाली. पडला नाय. प्रणव पडला, मी दोनदा पडलो, हा नाय. खाली जाऊन उभा राहिला आनि ओरडला, "जिव्या, होडीच हाय रे!" स्नेहलनं व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला. बघा तो व्हिडिओ. मंग मला सांगा हा मानूस थंडीनं मरनारा होता काय.

तिसरा दिवस. दहाला त्यानं मला दोर दिला. साडेदहाला मी हिमानीला घेऊन बाकड्यापाशी आलो. दादा डावा हात काखेत घालून बसलेला, जसा कारखान्यात बसतो तसाच. पन कपाळावर घाम होता. मी बघितला तो घाम. खोटं नाय बोलत, मी बघितला. मला वाटलं दोन दोन जाकिटं घातली, गाडी ओढली, आला असेल. चाळीस वर्षांत कोनाला बर्फ लागला आनि घाम आला असं झालेलं नाय. दोन गोष्टी एकत्र होतच नाय. हे मला ठाऊक हाय. शेंबड्या पोराला ठाऊक हाय. पन त्या टायमाला माझं डोकं चाललं नाय.

दादा बोलला, "सुटत नाय रे जिव्या."

मी लाल जाकीटवाल्याकडे गेलो. त्यांची एक खोली होती, लाल क्रॉस काढलेला, तो तिथला. त्याला मी माझ्या हिंदीत बोललो, "भाऊ को बरफ लगा है. हाथ को."

तो बोलला, "ठंड लग गई अंकल को. आदत नहीं है ना."

"आदत नही? चालीस साल बरफ मे काम किया है ये आदमी."

तो हसला. त्याला वाटलं मी फेकतोय. दादाला आत नेला, हीटर लावला, दोन ब्लँकेट घातल्या, गरम पान्याची पिशवी दिली हातावर. कॉफी दिली साखर घालून. पाऊन तास दादाला शेकत बसलेले. मी पन पिशवी धरून बसलेलो. त्याच्या हाताला ऊब द्यायचा मी, आनि तिकडे आतमध्ये त्याचं काळीज बंद पडत होतं. वहिनी पाय चोळत होती. मंग दादाला उलटी झाली, रंग उडाला, तेव्हा प्रणव ओरडला, गाडी काढा.

गाडी नव्हती. बर्फातून खाली जानारी त्यांची एकच मोठी गाडी, ती खाली गेलेली. रात्रीच्या पार्टीचा साऊंड आनि डीजेवाला आनायला. मॅनेजर टाय लावून उभा, बोलतो कसा, "सर, मेडिकल पॅकेज में नहीं आता. हम प्रायवेट टैक्सी बुला देते हैं." सगळं धरून. नाचायला डीजे धरून, घसरायला मास्तर धरून, सत्तर प्रकारचं जेवन धरून. मानूस मरायला लागला तर ते धरून नाय. मी त्याची टाय धरली. प्रणवनं मला ओढला, "काका, भांडू नको, वेळ जातोय." वेळ! वेळ मीच घालवलेला.

टॅक्सी आली साडेबाराला. मी पाठी बसलो दादाचं डोकं मांडीवर घेऊन. वळनं वळनं. तो एकच बोलला, "हा पट्टा काढ. टोचतो." तो प्लास्टिकचा पट्टा हातानं तुटत नाय. मी दातानं तोडायला गेलो. दाताला लागत होता, तुटत नव्हता. तुटला तेव्हा मी बोललो, "निघाला बघ दादा." तो बघत नव्हता.

खालच्या हॉस्पिटलात डॉक्टरीन होती, पोरसवदा. तिनं दादाला तपासलं, काय काय केलं छातीवर, मंग थांबली. मला बाजूला घेतलं. "पहले क्या बोले थे अंकल?" मी बोललो हात. "कौन सा हाथ?" डावा. "कितने बजे?" दहा. "पसीना आया था?" मी बोललो हो. तिनं पेन खाली ठेवलं. "ये हार्ट था, भैया. वहाँ किसी ने हार्ट नहीं बोला?"

नाय बोलला कोन. मी बर्फ बोललो.

आता मी ज्याच्यासाठी हे सांगतोय ती गोष्ट.

दुसऱ्या दिवशी त्या मॅनेजरनं कागद आनला. इंग्लिश. सामान न्यायला, खोल्या सोडायला सही पायजे बोलला. हॉटेलच्या हॉलमध्ये सगळे बसलेले, वहिनी, स्नेहल, स्नेहलच्या मांडीवर हिमानी. प्रणवचं डोकं जाग्यावर नव्हतं, तो वाचत गेला आनि वहिनीला कळावं म्हनून मोठ्यानं मराठीत सांगत गेला. "पाहुण्यांना थंड हवेची सवय नव्हती. पाहुण्यांनी स्वतःचे हातमोजे काढून नातीला दिले होते. पाहुण्यांच्या सख्ख्या भावाने स्वतः सांगितलं की त्यांना बर्फ बाधला आहे."

मी बोललो, "थांब. परत वाच."

त्यानं परत वाचलं. पोरीसमोर दोनदा वाचलं. ह्यात चूक माझी पन हाय, मी परत वाचायला लावलं.

"हे असं नाय झालं प्रणव."

"काका, तू बोललास ना बर्फ लागलाय म्हणून?"

"अरे, बर्फ लागला म्हंजे..."

"मला माहितीये काय म्हणजे! त्यांना कुठे माहितीये?" आनि त्यानं सही केली. बापाला घरी न्यायचा होता त्याला. मी त्याला शिव्या दिल्या तिकडेच, सगळ्यांसमोर, वाईट शिव्या. पन मी त्याच्या जागी असतो तर मी पन केली असती सही. हे मी त्याला अजून बोललेलो नाय.

हातमोज्याचं खरं सांगतो. दादानं ते दिले नव्हते कोनाला. त्याला मोजे घालून दोर धरता येत नव्हता. जन्मभर आकडा उघड्या हातानं धरलेला मानूस. पाच मिनटं घातले आनि काढून घसरगाडीत टाकले, "काय हे, बॉक्सिंगला चाललोय काय." हिमानीनं आपल्या मोज्यांवर ते घातले, मजा म्हनून, अस्वलासारखे हात करून नाचवत होती. एवढंच झालं. आनि ह्या टायवाल्यांनी ते कागदावर घातलं. सात वर्षांच्या पोरीवर ढकललं. डीजेची गाडी कागदावर नाय. पाऊन तास हीटर नाय. पोरीचे मोजे हायत.

दादाला गावी आनला. त्याची मुलगी उत्कर्षा सुरतवरून यायची होती तोवर ठेवायचा होता, तर कारखान्यातली पोरं लाद्या घेऊन आली. बोलावलं नव्हतं कोनी. प्रत्येक लादी वाजवून बघून आनलेली, काचेसारखी, आत एक बुडबुडा नाय. लावल्या, वर कापड घातलं, आनि आळीपाळीनं पानी पुसत बसली. मला त्यातल्या एकानं पन विचारलं नाय काय झालं, कसं झालं. मी बसलेलो बाजूला आनि मला वाटत होतं की एकदा तरी विचारा भडव्यांनो.

मंग भेटायला येनारी लोकं सुरू झाली. जो येईल त्याला वहिनी एकच सांगायची, "थंडी बाधली हो त्यांना. एवढं बोललेली मी, टोपी घाला, टोपी घाला." येनारा बोलायचा, "बर्फवाला शेवटी बर्फानंच गेला." एक जन बोलला. दुसरा बोलला. नाक्यावरच्या चहावाल्याकडे तर हा जोकच झाला. एक जन माझ्यासमोर हसत बोलला, त्याची कॉलर धरली मी, चहा सांडला त्याच्या अंगावर. मला लोकं बोलली जिव्या येडा झाला. झालो असेल.

पन जोकचं मला एवढं नाय. दादा स्वतः हसला असता त्या जोकवर. मला पोरीचं होतं. हिमानी दारात बसलेली असायची आनि प्रत्येक मानसाच्या तोंडून ऐकायची, थंडी, थंडी, थंडी. एक दिवस तिनं वहिनीला विचारलं, "आजी, मी मोजे परत दिले असते तर?" वहिनी रडत होती, ती बोलली, "गप गं बाय." पोरीला गप बोललं म्हंजे पोरीला काय कळलं? हो, मोज्यांमुळंच, असंच कळलं. त्यानंतर ती हात पाठीमागं घेऊन बसायची. जेवायचं ताट दिलं तर आधी बाकी सगळ्यांना वाढलं काय बघायची. कुनाची वस्तू हातात घ्यायची नाय. पेन्सिल दिली तरी विचारायची, "तुम्हाला नको ना?" सात वर्षांची पोर!

पोस्टमार्टमचा कागद आला पंधरा दिवसांनी. बोईसरच्या डॉक्टरनं वाचून सांगितलं, काळजाची नळी बंद झालेली, जुना आजार, कुठं पन झालं असतं, घरी चिकूच्या झाडाखाली बसून झालं असतं. थंडीचा संबंध नाय लागत असं बोलला. मी तो कागद घेऊन घरोघरी गेलो. दाखवला. लोकांनी मान हालवली आनि परत बोलली, "थंडीनं काळजावर तान येतो ना पन." काय करायचं सांगा. मी त्यांना कागद दाखवत होतो, पन मी काय बोललो होतो तिकडे, ते नव्हतो सांगत. ते सांगितलं असतं तर एका मिनटात समजलं असतं सगळ्यांना. कारखान्याच्या गावात कोनाला समजावावं लागलं असतं? पन मंग ते मला विचारनार होते ना. घाम बघितलास आनि तू गप?

वहिनीला पन नाय सांगितलं मी. वहिनीच्या तोंडाकडे बघून जीभ उचलत नव्हती.

गेल्या शुक्रवारी हिमानीला शाळेतून आनायला गेलो रिक्षा घेऊन. पोरीला वाचता यायला लागल्यापासून खोड हाय, रस्त्यातल्या पाट्या मोठ्यानं वाचत जाते. केस कापायचं दुकान, मोबाईल रिपेअर, इथे थुंकू नये. दादा गेल्यापासून वाचत नव्हती, त्या दिवशी परत वाचायला लागलेली, मला बरं वाटलं. गावच्या स्टॉपला फळा हाय, कोन गेलं, कोनाचं काय, त्यावर लिहितात. किरानावाल्याची रूपल लिहिते, तिचं अक्षर चांगलं. रविवारी कारखान्यात दादाची शोकसभा ठेवलेली, ते लिहिलेलं. हिमानी वाचायला लागली. "आपले बर्फ कारखान्यातील शांताराम यांचे... हिमाचल येथे... कडाक्याच्या थंडीमुळे..."

आनि बंद झाली. मी आरशात बघितलं, दोन्ही हात पाठीमागं.

मी ब्रेक मारला. पाठचा टेम्पोवाला आईवरून बोलला, बोलू दे. मी तिला बोललो उतर. ती घाबरली. खाली उतरली, दप्तर घेऊनच.

मी बोललो, "हे खोटं हाय."

"पप्पांनी पण वाचलं तसंच."

"पप्पानं वाचलं ते पन खोटं. आजोबाला थंडी नाय लागली. त्याचं काळीज बंद पडत होतं. काळीज बंद पडतं तेव्हा डावा हात बधिर होतो. त्याला वाटलं बर्फ लागला, कारखान्यात लागतो तसा. त्यानं मला सांगितलं, आनि मी जाऊन त्या लाल जाकीटवाल्याला तसंच सांगितलं. बर्फ लागला बोललो. म्हनून त्यांनी हात शेकला. काळजाचं औषध नाय दिलं."

ती माझ्याकडे बघत होती. "मग मोजे?"

"मोज्याचं काय नाय त्यात. मोजे त्यानं फेकलेले. दोर धरता येत नव्हता त्याला. तूच बघितलंस ना, बॉक्सिंग बोलला तो."

"हो."

"मंग?"

बस आली, मानसं उतरली, आमच्याकडे बघत गेली. मंग ती बोलली, "म्हणजे तुम्ही चुकीचं सांगितलं."

"हो."

"मी नाही."

"तू नाय. मी."

तिनं दप्तर खाली ठेवलं. मला वाटलेलं की रडेल, नायतर मला काय तरी बोलेल. तसं काय नाय केलं. फळ्याकडे बघून बोलली, "मग ते पुसा ना."

मी शर्टाच्या बाहीनं कडाक्याच्या थंडीमुळे एवढं पुसलं. खाली पट्टीवर खडूचे तुकडे पडलेले असतात. मी चौथी शिकलेला. रिक्षाच्या पाठी लिहायचं असलं तरी दुसऱ्याकडून लिहून घेतो. पन मी खडू घेतला आनि लिहायला लागलो, र्‍हुदय का काय ते, तिकडेच अडकलो. पुसलं, परत लिहिलं. स्टॉपवरचा एक जन बोलला, "जिव्या, काय करतो रे?" मी बोललो, "तुझं काम कर."

हिमानी बोलली, "असं नसतं ते. ह ला खाली ऋ लागतो. द्या इकडे."

मी दिला. तिनं या खेपेला तुमाला नको ना असं नाय विचारलं. फळा उंच, तिचा हात पोचेना, म्हनून मी तिला उचलली. पोर जड झालीय. एका हातानं भिंत धरून तिनं लिहायला सुरुवात केली, एकेक अक्षर तोंडानं बोलत, हृ, द, य. जीभ बाहेर काढून. अक्षर रूपलसारखं नाय, वर जात जात तिरकं गेलं. विकार लिहिताना खडू तुटला.

"छोटे आजोबा, हलू नका," ती बोलली. "दुसरा द्या."